'पुन्हा मागवा'चं बटण आणि साडेअकरा किलो तूरडाळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवर राहणारं कुटुंब; नवरा-बायको दोघं नोकरीला, सासू-सासरे, शाळेत जाणारा मुलगा. दीड वर्षापासून घरातला बहुतेक किराणा मोबाईलवरच्या 'पुन्हा मागवा' बटणावर येतो, आणि काही वस्तू दर महिन्याला आपोआप याव्यात म्हणून लावून ठेवल्यात. सोय इतकी की आता सोडवत नाही. पण सासूबाई म्हणतात, घराचं गोदाम झालंय. महिन्याचा खर्च वाढल्यासारखा वाटतो, नेमका कुठे ते कळत नाही. परवा माळा आवरताना फिनेलच्या सात बाटल्या निघाल्या आणि तूरडाळ मोजली तर साडेअकरा किलो. हे सगळं बंद करावं का, आणि त्या डाळीचं काय करावं?

डाळीकडे शेवटी येते. रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी स्टोअर्स आणि परचेसमध्ये २६ वर्षं काढली. आम्ही औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवायचो. माल कधी मागवायचा, किती, कुणाकडून, आणि आला की मोजून रॅकवर कसा लावायचा, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं आहे, पण चुकलं की एक तर मशीन थांबतं, नाही तर कंपनीचा पैसा रॅकवर धूळ खात पडतो. निवृत्त झाल्यावर ऐरोलीच्या घरात मी तेच करते, झाकणांच्या जागी रवा-साखर एवढाच फरक.

तर बंद करू नका. पण आत्ता चाललंय तसंही चालू ठेवू नका.

सोयीबद्दल तुम्ही जरा अपराधी सुरात लिहिलंय. त्याची गरज नाही. ऑफिसहून लोकलने ठाणे स्टेशन, तिथून रिक्षाच्या रांगेत अर्धा तास, मग घोडबंदरचा ट्रॅफिक, आणि घरात शिरताना आठवतं की साखर संपलीय. त्या बाईला किंवा बुवाला 'पूर्वी आम्ही डोक्यावरून गोण्या आणायचो' असं सांगण्यात काही अर्थ नाही. माझी आई नौपाड्यात जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, लिफ्ट नाही. तिच्याकडे पाच किलोची पिठाची पिशवी दारापर्यंत पोचते आणि त्यासाठी मला ऐरोलीतून उठावं लागत नाही, याचं मोल मी कुठल्याच हिशोबात कमी धरणार नाही. आजारी माणसाचे डायपर, साखर तपासायच्या पट्ट्या, सॅनिटरी पॅड: जे संपून चालत नाही, जे उचलायला जड किंवा चारचौघांत मागायला नको वाटतं, त्यांना हे बटण वरदान आहे.

आणि बटण काही नवं नाही. माझ्या लहानपणी नौपाड्यात कोपऱ्यावर एका कच्छी शेठचं दुकान होतं. महिन्याच्या एक तारखेला बाबा जाता जाता पायरीवर पाय ठेवून म्हणायचे, "मागच्यासारखंच पाठवा." झाली ऑर्डर. लाल वहीत आमचं पान होतं, त्यावरून पोऱ्या संध्याकाळी माल आणून टाकायचा. एका वाक्यात महिन्याचा किराणा, पैसे पगारानंतर. आजचं ॲप याहून फार पुढे गेलंय असं मला वाटत नाही.

फरक होता तो पुढच्या वाक्यात. शेठ वहीतून मान वर करून विचारायचे, "गूळ मागच्या वेळी दोन किलो नेलेला, संपला का?" कधी म्हणायचे, "गणपती आहेत तुमच्याकडे, रवा एक किलो जास्त टाकतो." कधी तर, "तांदूळ आत्ता नका घेऊ, आठ दिवसांनी नवा येतोय." बाबा घरी येऊन आईला विचारायचे, आई डबा उघडून बघायची, आणि मग 'मागच्यासारखंच'चं थोडं वेगळं काहीतरी व्हायचं. शेठ काही संत नव्हते, रवा एक किलो जास्त खपवण्यात त्यांचाही फायदा होता. पण त्या उलट्या प्रश्नामुळे घरातला डबा एकदा उघडला जायचा. बटणाने घालवलं ते एवढंच. आणि तुमच्या माळ्यावरच्या सातही बाटल्या तिथूनच आल्या आहेत.

कंपनीतली गोष्ट सांगते. आमच्याकडे प्रत्येक रॅकला एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकवलेलं असायचं, बिन कार्ड. माल आला की जमा, गेला की वजा, शेवटच्या रकान्यात शिल्लक. नवीन मागणी लिहिण्याआधी रॅकपाशी जाऊन कार्ड आणि माल दोन्ही बघायचे, हा नियम. एका मुलाने एकदा उन्हाच्या कंटाळ्याने शेडमध्ये न जाता मागच्या महिन्याचीच मागणी उतरवून काढली. आकडा न आकडा तोच. दरम्यान त्या गिऱ्हाइकाने हिरवी झाकणं बंद करून पांढरी सुरू केली होती. हिरव्या रंगाचा मसाला, म्हणजे प्लास्टिकमध्ये मिसळायचा रंग, आला, झाकणं पडली, आणि त्यांची खोकी मी निवृत्त झाले तेव्हाही मागच्या रॅकवर होती. दर ३१ मार्चच्या साठामोजणीला आम्ही ती मोजायचो. स्टोअर्सच्या भाषेत याला डेड स्टॉक म्हणतात. त्या मुलाने आळस केला असं सगळे म्हणाले. मला वाटतं, मागची मागणी उतरवणं इतकं सोपं होतं हाच खरा घोटाळा. 'पुन्हा मागवा' म्हणजे तीच उतरवलेली मागणी, फक्त आता त्याला उन्हाच्या कंटाळ्याचं निमित्तही उरलेलं नाही.

आता तुमचा खर्च. तो एका ठिकाणी वाढलेला नसतो, म्हणून सापडत नाही.

सगळ्यात मोठा भाग तारखेच्या चुकीचा असतो. ॲप विचारतं, किती दिवसांनी पाठवू? आपण ३० म्हणतो, कारण पगार ३० दिवसांनी येतो. पण कपड्यांची पावडर पगार बघून संपत नाही. तुमचं पाकीट समजा ३८ दिवस पुरतं. वर्षाला तुम्हाला लागतात साडेनऊच्या आसपास पाकिटं, येतात बारा. एका वस्तूची जवळपास अडीच पाकिटं जास्त. अशा २० वस्तू लावल्या असतील तर वर्षाअखेर पन्नासेक पाकिटं माळ्यावर चढलेली असणार. तुमच्या डाळीचंही तेच झालंय. पाच माणसांच्या घरात रोज शंभर ग्रॅम तूरडाळ शिजते असं धरा, म्हणजे महिन्याला तीन किलो. तुम्ही बहुधा पाच किलोची पिशवी दरमहा लावलीत, कारण मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडत होती. दर महिन्याला दोन किलो उरले. सहा महिन्यांत बारा किलो. तुम्ही साडेअकरा मोजलीत, मधे कुणी पाहुणे येऊन गेले असतील.

हा पैसा बुडालेला नाही. तो माळ्यावर बसलाय. दोन-तीन महिने त्या वस्तू थांबवल्या की तो परत मिळतो. फक्त पावसाळा मध्ये आला आणि रव्याला जाळ्या लागल्या, पिठात अळ्या झाल्या, तर मात्र बुडाला.

दुसरा भाग किमतीचा. 'पुन्हा मागवा' म्हटल्यावर वस्तू मागची येते, किंमत आजची लागते. पुष्कळांना हे लक्षातच येत नाही, कारण बटणाशेजारी पाकिटाचं चित्र मोठं आणि आकडा बारीक असतो. त्यातून कंपन्या किंमत तीच ठेवून आतलं वजन कमी करतात. दहाचं बिस्किट दहालाच, पण चार बिस्किटं कमी. पाकिटाचं चित्र तेच असतं, त्यामुळे बटण दाबणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. यावर एक साधा उपाय पाकिटावरच आहे. आता पॅकबंद मालावर एमआरपीसोबत एकक किंमत छापावी लागते: एक किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅममागे किती, वरच्यावर किलोमागे किती. चष्मा लावून ती ओळ बघायची. मी फ्रिजच्या दारावर एका कागदावर आठ-दहा वस्तूंची एकक किंमत लिहून ठेवलीय आणि तीन महिन्यांनी ताडून बघते. सून पहिल्यांदा हसली होती. मग तिच्याच शांपूची मोठी बाटली छोटीपेक्षा मिलिलिटरमागे महाग निघाली, तेव्हापासून हसत नाही.

करही बदलतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून टूथपेस्ट, शांपू, केसांचं तेल, अंगाचा साबण यांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. वाण्याकडे जाणारी माणसं लगेच विचारायला लागली, "भाव उतरला ना?" ज्यांच्या वस्तू आपोआप येत होत्या त्यांच्यापैकी किती जणांनी बिल उघडून बघितलं असेल?

तिसरा भाग फुटकळ आकारांचा: हाताळणी शुल्क, छोट्या ऑर्डरचं शुल्क, पावसाचं शुल्क. एका वेळी वीस-तीस रुपये. पण दिवसातून दोनदा 'अरे, कोथिंबीर राहिली' करत बटण दाबलं की महिन्याला ते एका सिलिंडरच्या वर जातं. आणि कोथिंबिरीच्या दहा रुपयांसाठी डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून वर दोनशेचे वेफर्स-चॉकलेट घेतले जातात ते वेगळंच. मुलगा शाळेत जाणारा आहे म्हणालात, तेव्हा हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता बटणाचा इतिहास थोडा, कारण त्यात एक कामाची गोष्ट आहे. एका टिचकीत खरेदीचं पेटंट अमेरिकेत अ‍ॅमेझॉनला १९९९ मध्ये मिळालं, ते २०१७ पर्यंत चाललं. पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेलं, मधली सगळी पानं गाळलेली, एवढीच कल्पना. मग ३१ मार्च २०१५ ला त्यांनी खरंखुरं बटण काढलं. डॅश बटण. अंगठ्याएवढं प्लास्टिकचं, मागे चिकट पट्टी, घरच्या वायफायला जोडलेलं. एका बटणाला एकच ब्रँड. वॉशिंग मशीनवर पावडरचं चिकटवा, पावडर संपली की दाबा. दुसऱ्या दिवशी एक एप्रिल असल्यामुळे अनेकांना ही थट्टाच वाटली. पोरांनी दहादा दाबलं तर काय, याची सोय त्यात होती: आधीची ऑर्डर घरी पोचेपर्यंत दुसरी घेतली जायची नाही. पण डबा भरलेला आहे की रिकामा हे त्या बटणाला कळायचं नाही, आणि दाबणाऱ्याला आजची किंमत दिसायची नाही. जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाची ग्राहक संघटना याच मुद्द्यावर कोर्टात गेली. जानेवारी २०१९ मध्ये म्युनिकच्या वरिष्ठ न्यायालयाने म्हटलं की ऑर्डर देण्याच्या क्षणी वस्तू आणि किंमत ग्राहकासमोर असली पाहिजे. तिकडच्या कायद्यानुसार 'यासाठी पैसे लागतील' असं बटणावरच लिहिलेलं असावं लागतं. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर कंपनीने बटणं विकणं थांबवलं आणि ३१ ऑगस्टला ती बंद पडली. लोक आता ॲपवरूनच मागवतात, असं कारण त्यांनी दिलं, आणि ते खोटंही नव्हतं. बटण भिंतीवरून मोबाईलवर आलं, इतकंच.

आपल्याकडे काय आहे? ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून आहेत. त्यात आधीच बरोबरची खूण करून ठेवलेले चौकोन चालत नाहीत, संमती ग्राहकाने स्वतः द्यायची असते. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने ॲप आणि वेबसाइटवरच्या फसव्या रचनांबद्दल, म्हणजे 'डार्क पॅटर्न'बद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. १३ प्रकार दिलेत त्यात. तुमच्या कामाचे दोन: न विचारता टोपलीत वस्तू किंवा देणगी सरकवणं, आणि वर्गणी सुरू करायला एक टिचकी पण बंद करायला सात पानं. असं कुठे झालं तर पडद्याचा फोटो काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा. मी एकदा केलीय, एका ॲपने 'आपोआप पुन्हा पाठवा' बंद करूनही महिनाभर माल पाठवत ठेवला तेव्हा. पैसे परत आले, पण तो माल न्यायला कुणी आलं नाही. भांड्यांचे तीन साबण अजून सिंकखाली आहेत.

पैसे आपोआप कापले जात असतील तर रिझर्व्ह बँकेचा ऑक्टोबर २०२१ पासूनचा नियम माहीत असू द्या. आता १५ हजारांपर्यंतच्या ठरावीक वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे जाण्याआधी किमान २४ तास सूचना आलीच पाहिजे, आणि तुम्ही ती परवानगी केव्हाही रद्द करू शकता. तो मेसेज आपण सगळेच न वाचता सरकवतो. आज रात्री यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचं पान उघडा आणि तिथे काय काय चालू आहे ते बघा. माझ्या भाच्याला तिथे दोन वर्षांपूर्वी सोडलेली जिम सापडली.

मूळ प्रश्न आता. काय बटणावर ठेवायचं आणि काय नाही?

आमच्या धंद्यात पुन्हा मागवण्याची पातळी काढायचं एक सोपं गणित आहे. रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा अडीअडचणीचा साठा. एवढा माल उरला की मागवायचं. किती मागवायचं याचंही सूत्र आहे, फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनियरने १९१३ मध्ये मांडलेलं, पण स्वयंपाकघरात ते नको, तिथे डब्याचं माप हेच सूत्र. पहिलं गणित मात्र तुमच्या घराला लावून बघा, मजा येते. माझ्या आईच्या काळी माल महिन्यातून एकदा यायचा, म्हणून घरात महिनाभराचा साठा असायचा, वर्षाचे गहू-तांदूळ, मसाले तर एप्रिल-मेमध्येच भरायचे. तुमच्या घरी माल दहा-वीस मिनिटांत येतो. म्हणजे गणिताने तुमच्या घरात आईच्या घरापेक्षा कितीतरी कमी साठा हवा. आणि आहे त्याच्या उलट! दहा मिनिटांत फिनेल मिळणाऱ्या घरात सात बाटल्या. दुकान जवळ आलं की घरातली कोठी लहान व्हायला हवी होती. ऑफरनी ती मोठी केली.

अडीअडचणीचा साठा मात्र शून्यावर नेऊ नका, आणि हे मी अनुभवाने सांगते. २६ जुलै २००५ च्या महापुराची रात्र मी कंपनीतच काढली, घरी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. मार्च २०२० मध्ये पहिल्या लॉकडाऊनला ॲपवर नुसते 'उपलब्ध नाही'चे फलक होते, आणि मे महिन्यात तर वाशीचं घाऊक एपीएमसी मार्केटच कोरोनामुळे आठवडाभर बंद राहिलं. तेव्हा सोसायटीच्या गेटपाशी टेम्पो लावून कांदे-बटाटे देणारा तो आमचा सेक्टरमधला वाणीच होता. जिओमार्टने आपली पहिली चाचणी याच पट्ट्यात, नवी मुंबई-ठाणे-कल्याणला घेतली होती; म्हणजे आपण या प्रकाराचे अगदी पहिले गिऱ्हाईक आहोत. तरी वाण्याचा नंबर फोनमध्ये असू द्या आणि महिन्यातून एकदा त्याच्याकडून काहीतरी घ्या. ओळख राहते.

तर माझी वाटणी. खप ठरलेला आणि बघून-निवडून घ्यायची गरज नसलेल्या वस्तू बटणावर: दूध, मीठ, साखर, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, कचऱ्याच्या पिशव्या, टूथपेस्ट. दूध तर आपोआपच येऊ दे, फक्त गावाला जाताना थांबवायचं विसरू नका. दारात पिशवीत फुटलेलं दूध आणि त्याला लागलेल्या मुंग्या हे दृश्य आमच्या मजल्यावर दर मे महिन्यात असतं.

डाळी, पोहे, रवा, बेसन: बटण चालेल, पण आपोआप नको, आणि पावसाळ्यात एक किलोच्या वरचं पाकीट नको. आल्यावर पाकिटावरची तारीख बघायची. अन्नपदार्थ मुदत संपण्याच्या किमान ४५ दिवस आधी किंवा ३० टक्के आयुष्य उरलेलं असताना पोचवावेत असं अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलंय, तेव्हा त्याहून जुनं आलं तर परत करताना लाजू नका. पाकीट फोडल्यावर मात्र कुणी घेत नाही.

भाजी, फळं, मासे यांना बटण अजिबात नाही. मेथीची जुडी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. शुक्रवारी संध्याकाळी खालच्या भाजीवाल्याकडे दहा मिनिटं गेली तर बिघडत नाही, उलट सासऱ्यांना ते काम द्या, त्यांचे पाय मोकळे होतील.

औषधांबद्दल कडक सांगते. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या आपोआप लावू नका. डॉक्टर डोस बदलतात, गोळी बदलतात, आणि जुनी पट्टी घरी येतच राहते. सारख्याच रंगाच्या दोन पट्ट्या एका डब्यात असणं वयस्क माणसाच्या घरात फार वाईट. प्रिस्क्रिप्शन बघून, दर वेळी, हाताने.

आणि आता ती युक्ती, जी मी कंपनीतून घरी आणलेली एकमेव वस्तू आहे. गॅसच्या दोन सिलिंडरांची पद्धत तुम्हाला माहीतच आहे: एक शेगडीला, एक भरलेला बाजूला. पहिला संपला, दुसरा लावला, की लगेच नंबर लावायचा. कुणी सिलिंडर आपोआप दर महिन्याला मागवत नाही, आणि ऐन दिवाळीत गॅस संपला म्हणून कुणाचं अडतही नाही. स्टोअर्समध्ये याला टू-बिन म्हणतात. आम्ही स्क्रू-नटच्या शेवटच्या खोक्यावर लाल पट्टी चिकटवायचो; पट्टी फाडली की ती साहेबांच्या टेबलावर, म्हणजे मागणी झाली. घरी मी लाल रबरबँड वापरते. प्रत्येक वस्तूचं एक पाकीट चालू, एक राखीव. राखीव पाकिटाला रबरबँड. ते फोडायला घेतलं की रबरबँड काढून स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवायचा. रविवारी सकाळी चहा झाला की कडीवर किती रबरबँड आहेत ते सून बघते, त्या वस्तूंचंच बटण दाबते, आणि आठवड्यात पुन्हा ॲप उघडायचं नाही. कामाला येणाऱ्या मावशींनाही हे समजलंय. पावडरचं पाकीट त्याच फोडतात, कडीला रबर त्याच लावतात. ॲपमधल्या कुठल्याही हुशार आठवणीपेक्षा हे बरं चालतं, कारण रबरबँड हात डब्यात घातल्याशिवाय निघत नाही.

अर्थात मी स्वतः हे सगळं शिकवण्याच्या आधी फसलेली आहे. आईच्या नौपाड्याच्या घरी मी पीठ, साखर आणि चहा दर १५ दिवसांनी लावून दिलं होतं. आपण लेक म्हणून किती करतो, असं समाधान. चार महिन्यांनी गेले तर पलंगाखाली पिठाच्या पाच पिशव्या, एकावर एक, वरून जुनी साडी झाकलेली. मी म्हटलं, "आई, अगं सांगायचं नाहीस का?" ती म्हणाली, "तू पाठवतेस, नको कशी म्हणू? आणि मला हल्ली दोनच पोळ्या लागतात." ती जेवण कमी झालंय हे मला सांगत नव्हती, आणि ॲपला ते कळायचं कारण नव्हतं. मी फोनवर विचारलं असतं तर चार महिने आधी कळलं असतं. आता बटण दाबण्याआधी मी फोन करते. "आई, पिठाचा डबा उघड." झाकणाचा आवाज येतो. "दोन वाट्या उरलंय," ती म्हणते, कधी कधी, "अर्धा आहे, नको." आणि त्या निमित्ताने बाकीचंही बोलणं होतं, गुडघ्याचं, शेजारच्यांचं. पीठ महिन्याला दोन किलो लागतं आता.

तर तुमचं या रविवारचं काम. आपोआप येणाऱ्या सगळ्या वस्तू एकदा थांबवा, रद्द नव्हे, थांबवा. एक वही घ्या, माळा, ओटा, सिंकखालचं कपाट उघडा, जे आहे ते मोजून लिहा. अर्धा-पाऊण तास लागेल. सासूबाईंना मोजायला सांगा आणि तुम्ही लिहा, उलटं करू नका. गोदाम झालंय हे त्यांनी आधी ओळखलंय. रिकामे पुठ्ठ्याचे खोके त्याच दिवशी भंगारात द्या, झुरळं त्यातच घर करतात. मग दोन महिने ॲपचा खर्च वेगळा लिहा: माल किती, शुल्क किती. तिसऱ्या महिन्यात रबरबँड.

फिनेल महिन्याला एक बाटली धरली तर सात महिने बघायला नको. दोन बाटल्या खाली वॉचमनच्या केबिनसाठी दिल्यात तर ते खूश होतील.

आणि डाळ. आधी पाकिटांच्या तारखा बघून ती जुनी ते नवी अशी लावा, जुनी आधी. सीलबंद पिशव्या फोडू नका. फोडलेल्या डाळीत टोके, म्हणजे किडे, दिसत असतील तर चाळून, निवडून, पातळ पसरून दोन दिवस कडक ऊन दाखवा. ढगाळ असेल तर किलो-किलोच्या पिशव्या करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढून पूर्ण कोरडी झाल्यावरच डब्यात भरा. जी दोन महिन्यांच्या पुढे राहणार आहे तिला खायच्या एरंडेलाचा हात लावा, किलोला चमचाभर, चांगलं चोळून. शिजवताना ती गरम पाण्यात धुवायची. किती चोळायचं ते सासूबाईंना विचारा, एरंडेलाची बाटलीही त्यांच्याकडेच असेल.